ब्रह्मपुरीचा वरचा थर

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते पोसायडनचे. ग्रीकांच्या या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती वीतभरही उंच नाही, पण तिने केलेला प्रवास मोठा आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ती रोमन जगातून निघाली, अरबी समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्याला लागली आणि घाट चढून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, आली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४५ मध्ये राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांना धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, त्यात ती होती. सोबत ब्राँझचा आरसा होता, सुरई होती, पाठीवर स्वार घेतलेला हत्ती होता. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला मॉर्टिमर व्हीलर रोमन खापरे उकरून काढत होते. भारत आणि रोम यांच्या व्यापाराचा विषय तेव्हा ऐन भरात होता आणि ब्रह्मपुरीचे नाव त्या विषयाला कायमचे चिकटले.

या प्रकरणात पोसायडनला नमस्कार करून आपण वर चढणार आहोत. तो जिथे पडून होता त्याच्या वर मातीचे आणखी थर होते. त्यांत चौदाव्या शतकापासून पुढचे कोल्हापूर होते. फुटकी मडकी, तांब्याची झिजलेली नाणी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. ज्यांचे नाव ताम्रपटात, बखरीत किंवा फर्मानात येण्याचा प्रश्नच नव्हता, अशा माणसांचे ते कोल्हापूर होते. ब्रह्मपुरीने इतिहासाला दिलेल्या गोष्टींत मला ही अधिक मोलाची वाटते. परदेशातून आलेली मूर्ती एखाद्याच श्रीमंताच्या घरी असते, बांगडी मात्र घरोघरी असते.

आधी जागा समजून घेऊ. कोल्हापूर हे मुळात एकच एक गाव नव्हते. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या जवळजवळच्या वस्त्या पसरत पसरत एकमेकींना भिडल्या आणि शहर झाले. यातली ब्रह्मपुरी अगदी नदीला लागून. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि श्रद्धेने मोजलेली पाचवी सरस्वती मिळून पंचगंगा होते. या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या पावसावर पोसलेल्या, त्यामुळे घाटात धुवांधार कोसळले की एक-दोन दिवसांत शहराच्या उंबऱ्याशी पाणी येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी प्रत्येक कोल्हापूरकराला तोंडपाठ असते; २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा नदीच्या काठी राहायचे तर पाय टेकायला उंचवटा हवाच. लोक टेकाड धरून राहिले, आणि राहता राहता त्यांनीच ते आणखी उंच केले.

वस्तीचे टेकाड वाढते कसे, हे ज्याने जुने मातीचे घर पडताना पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. पांढऱ्या मातीची भिंत दोन-तीन पावसाळे डागडुजीवाचून राहिली की खचते. पडलेली माती कोणी उचलून लांब टाकत नाही. तिथेच सपाट करून, चोपून, त्यावर नवी भिंत उभी राहते. चुलीतली राख, केरकचरा, शेणामातीच्या सारवणाचे एकावर एक पापुद्रे, फुटलेले माठ सगळे तिथेच मुरते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले की घराची जमीन पुरुषभर वर येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना पांढरीचे टेकाड असते ते असेच घडलेले. खणताना आपण हाच क्रम उलटा वाचतो: सर्वांत वर सर्वांत अलीकडचे, खाली खाली जुने.

सांगायला सोपे असले तरी नियम इतका सरळ चालत नाही, कारण माणसे खड्डे खणतात. दक्षिण महाराष्ट्रात तर धान्य आणि हळद जमिनीखाली पेवात साठवण्याची मोठी परंपरा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. पंधराव्या शतकातल्या एखाद्या घरमालकाने पेव खणले की ते त्याच्या जमिनीतून निघून थेट पोसायडनच्या काळातल्या, सातवाहनांच्या विटांपर्यंत पोचू शकते. खालची माती वर येते, वरची वस्तू खाली पडते. जुन्या भाजक्या विटा फुकट मिळतात म्हणून लोक मुद्दामही खणतात. उत्खनन करणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. भोकाच्या तोंडाशी मातीचा रंग किंचित बदललेला असतो, जमीन थोडी भुसभुशीत लागते. तो बदल ज्याच्या नजरेला आणि खुरपीला कळला नाही त्याच्या टिपणात शिवरायी नाणे सातवाहन थरात जाऊन बसते.

ब्रह्मपुरीत ही परीक्षा नीट दिली गेली, याचे श्रेय हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांना जाते. सांकलिया लंडनमध्ये शिकले होते, तिथे व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले होते आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. कुंदणगारांच्या शोधानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने या दोघांनी ब्रह्मपुरीत शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. निघालेल्या वस्तू ठेवायच्या कुठे, या गरजेतून १९४६ मध्ये कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालयही उभे राहिले. त्या काळात बहुतेक ठिकाणी मध्ययुगीन थर म्हणजे 'प्राचीन' गोष्टीपर्यंत जाण्याच्या वाटेतला अडथळा समजला जाई; मजूर लावून तो भराभर काढून टाकत. सांकलिया-दीक्षितांनी तो काढून टाकला नाही, वाचला. दीक्षितांचा तर मणी आणि काच हा जिव्हाळ्याचा विषय. पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने छापला, आणि त्या कामाची मुळे बऱ्याच अंशी ब्रह्मपुरीच्या मातीत आहेत.

वरच्या थराला काळ कसा ठरवायचा? पहिला आधार नाण्यांचा. १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. राजधानी आधी गुलबर्गा, मग पंधराव्या शतकात बिदर. या सुलतानांनी सोन्या-चांदीबरोबर तांब्याची नाणी भरपूर पाडली. सोन्याचे नाणे हरवले तर माणूस घर उकरून काढील. तांब्याचे नाणे बाजारातून येताना पडले, सारवणात गेले, तर दोन दिवस चुटपुट लागेल, एवढेच. म्हणून रोजच्या वापराच्या थरात मिळतात ती तांब्याची. त्यांवर सुलतानाचे नाव असते, त्यामुळे हा थर अमुक सुलतानाच्या आधीचा नाही एवढे पक्के सांगता येते. आधीचा नाही, नंतरचा मात्र असू शकतो. तांब्याचे नाणे राजा मेला म्हणून बाजारातून जात नाही. शिवाजी महाराजांची शिवरायी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली आणि तिच्या धर्तीची नाणी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एकोणिसाव्या शतकातही चालत होती. खोदकामात शिवरायी मिळाली म्हणून तिथे मावळे वावरत होते असे म्हणायला गेलो तर दोनशे वर्षांनी चुकू. नाणे एकटे पुरत नाही. त्याच्या जोडीला रोज फुटणारी, लवकर जुनी होणारी, फॅशनप्रमाणे बदलणारी अशी एखादी वस्तू हवी.

ती वस्तू म्हणजे बांगडी. काचेची बांगडी कुजत नाही, गंजत नाही. धातूचे मोडके भांडे कासाराकडे जाते, त्याचे नवे होते. पण बांगडीचे दोन-चार तुकडे कोण गोळा करतो? ती अंगणात, मोरीपाशी, जात्याजवळ वाढवते आणि केराबरोबर जाते. पुन्हा नवी भरायची वेळ वारंवार येते, त्यामुळे रंग आणि नक्षी दर पिढीला बदलत जातात. थोडक्यात, काळ मोजायला लागणारे सगळे गुण तिच्यात आहेत.

ब्रह्मपुरीच्या वरच्या थरांत अशा बांगड्यांचे तुकडे मोठ्या प्रमाणात मिळाले आणि त्यांतले कितीतरी बहुरंगी होते. त्याआधीच्या काळातही दख्खनमध्ये काचेच्या बांगड्या होत्या, पण साध्या, एकरंगी. इथे मात्र काळ्या किंवा गडद अंगावर पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या काचेचा पातळ लेप, त्यावर निराळ्या रंगाचे ठिपके, दोरीसारखे पीळ दिलेले काचेचे धागे असा थाट आहे. नाणी आणि बांगड्या एकाच थरात मिळाल्यामुळे या बहुरंगी बांगड्यांचा काळ बांधला गेला. मग पुढे नेवासे असो, पैठण असो की कर्नाटकातले मस्की असो, जिथे असा तुकडा दिसेल तिथे नाणे नसले तरी बहमनी किंवा त्यापुढचा काळ ओळखता येऊ लागला. एका शहरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तूने साऱ्या दख्खनच्या थरांना तारीख दिली, असे म्हणायला हरकत नाही.

एक तुकडा हातात घेऊन पाहू. बोटाच्या पेराएवढा, वाकडा, आतल्या बाजूने सपाट, बाहेरून फुगीर. आधी त्याच्या तुटलेल्या टोकाकडे बघायचे. टोकाला काच कापल्यासारखी दिसते आणि आतला गाभा उघडा पडतो. गाभा काळपट, जवळजवळ अपारदर्शक. त्याच्यावर नखाएवढ्याही जाडीचा नसलेला पिवळा थर. याचा अर्थ रंगीत काच महाग होती आणि कारागिराने ती फक्त दिसणाऱ्या भागावर वापरली. काळी काच स्वस्तात होते, कारण वाळू आणि खारातले लोह तिला आपोआपच काळपट-हिरवट करते. पिवळ्या, पांढऱ्या, निळ्यासाठी निराळी द्रव्ये घालावी लागतात. म्हणजे हा हिशेबी माल आहे, बाजारासाठी केलेला, परवडणारा आणि तरीही नटवा.

मग जोड शोधायचा. काचेची बांगडी करण्याच्या दोन मुख्य रीती. एकीत वितळलेल्या काचेचा गोळा सळईवर घेऊन त्याला भोक पाडतात आणि निमुळत्या साच्यावर फिरवत फिरवत रुंद करत नेतात. ही बांगडी अखंड असते, तिला सांधा नसतो. दुसरीत काचेची लांब कांडी ओढून ती तापलेली असतानाच वळवतात आणि दोन टोके एकमेकांवर दाबतात. तिथे बारीकसा जाडसरपणा किंवा रेघ राहते. सांधा असलेला तुकडा हाताला लागला तर रीत कळते. पुष्कळ तुकडे जमले की कारागिरांचे घराणे, माल कुठून येत होता, असे प्रश्न विचारता येतात.

शेवटी वाक. कागदावर एकात एक अशी वर्तुळे काढलेला तक्ता असतो. तुकडा त्यावर सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी तो तंतोतंत जुळेल ती बांगडीची आतली गोलाई. मडक्याच्या काठासाठीही हाच तक्ता वापरतात. पाच शतकांपूर्वीच्या मनगटाचे माप अशा रीतीने मिळते. बरेच तुकडे मोठ्या वर्तुळांवर बसतात, काही अगदी छोट्या वर्तुळांवर. त्या छोट्या बांगड्या लेकरांच्या. इतिहासाच्या कुठल्याही लिखित साधनात बहमनी कोल्हापुरातली चार वर्षांची मुलगी येत नाही. इथे तिचे मनगट मोजता येते.

आणि हेही विसरता येत नाही की आपल्याकडे बांगड्या फक्त अपघाताने फुटत नव्हत्या. नवरा गेला की त्या फोडल्या जात. हातातल्या तुकड्यामागे धुणे आपटताना बसलेला धक्का होता की ते दुःख, हे तुकडा सांगत नाही. पण हजारोंच्या ढिगात दोन्ही आहेत, हे निश्चित धरून चालावे.

बांगड्यांवर एवढे थांबलो, आता मडक्यांकडे वळू. खापरांच्या अभ्यासात तळ आणि काठ हे दोन भाग महत्त्वाचे. बाहेरून तळाला काजळी असेल तर भांडे चुलीवरचे. आत पांढरट क्षार साचला असेल तर पाणी तापवायचे. काठ बाहेर वळलेला, तोंड मोठे, तर आमटी-भात शिजवायची हंडी. तोंड अरुंद आणि मान उंच, तर पाण्याचे. जाड बुडाचे, कमरेएवढे रांजण धान्याचे किंवा पाण्याचे. बहमनी काळात दख्खनमध्ये आणखी एक नवलाई येते: झिलईची भांडी. निळ्या-हिरव्या काचेसारखा चकचकीत लेप दिलेली ही भांडी आकाराने बहुधा ताटल्या आणि वाडगे अशी असतात, म्हणजे वाढायची. चुलीवर तीच काळी हंडी राहिली, बदल झाला तो पंगतीत. ज्या घरी असे वाडगे होते त्या घरी पाहुण्यासमोर काहीतरी देखणे मांडण्याची हौस आणि ऐपत दोन्ही होती. इराण, मध्य आशिया आणि समुद्रापलीकडच्या बाजारांशी दख्खनचा संबंध कसा वाढत होता, त्याची ही स्वयंपाकघरातली खूण. तो संबंध किती थेट होता याचे एक उदाहरण राजकीय इतिहासातच आहे. मूळचा इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून भारतात आलेला महमूद गावान बहमनींचा मुख्य वजीर झाला आणि १४७० च्या सुमारास खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, मोहिमेत पावसाळा काढायला कोल्हापूरच्या परिसरातच छावणी करून राहिला.

त्या पावसाळ्यात कोल्हापुरात काय शिजत होते? आजच्या कोल्हापूरकराला ऐकून नवल वाटेल, पण त्या शहरात मिरचीच नव्हती. मिरची अमेरिकेतली; ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याला आली आणि तिथून घाटावर पसरली. तेव्हा तांबडा रस्सा नाही, ठेचा नाही, कांदा-लसूण मसाला आज ज्याला म्हणतो तो नाही. टोमॅटो, बटाटा, मका आणि शेंगदाणाही त्याच खंडातले. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आले. ज्वारीची भाकरी, भात, डाळी, तीळ, गूळ, दूध-तूप हे मात्र ओळखीचे. धान्य दळायला सातवाहन काळापासून चालत आलेले दोन तळ्यांचे जातेच.

अमेरिकेतूनच आलेल्या आणखी एका वनस्पतीने पुरातत्त्वज्ञांना मोठी मदत केली आहे. तंबाखू. अकबराचा दूत असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आदिलशाहीच्या विजापूरला आला तेव्हा त्याला तंबाखू तिथे दिसली आणि त्याने ती नवलाईची वस्तू म्हणून बादशहापुढे नेली. कोल्हापूरचा मुलूख तेव्हा विजापूरच्याच अमलाखाली होता. तंबाखू आली तशी हुक्क्याची मातीची चिलीम आली. भाजलेल्या मातीची, आत जळक्या डागांची अशी चिलीम एखाद्या थरात मिळाली की तो थर साधारण सतराव्या शतकाच्या अलीकडचा. कोल्हापुरात आज मिरची आणि तंबाखू यांच्याशिवाय बाजाराची कल्पना करता येत नाही. थरांच्या भाषेत दोन्ही गोष्टी अगदी कालच्या.

इथपर्यंत आलेल्या वाचकाच्या मनात एक शंका आली असेल. सातवाहनांचे भरभराटीचे विटांचे घर खाली, बहमनी बांगड्या वर; मग मधल्या हजार वर्षांचे काय? शिलाहारांचे कोल्हापूर कुठे आहे? दहाव्या शतकापासून १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव करेपर्यंत शिलाहारांनी हा मुलूख सांभाळला. गंडरादित्यासारखा राजा याच घराण्यातला. त्यांच्या काळातले शिलालेख वाचले तर शहर गजबजलेले दिसते. शुक्रवार दरवाजाजवळ मिळालेला शके १०५८ चा कन्नड लेख त्यातला सर्वांत बोलका. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कवडेगोळ्ळ नावाच्या बाजारात जैन मंदिर बांधले आणि वीरबणंज व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपापल्या मालावर त्या मंदिरासाठी लागा ठरवून दिला. कोल्हापूरच्या बरोबरीने मिरजेसारख्या गावांचे व्यापारीही त्या सभेत होते. म्हणजे बाराव्या शतकात इथे नावाचा बाजार होता, संघटना होती, गावोगावचे प्रतिनिधी जमवून ठराव करण्याची रीत होती. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटकातले असे लेख १९३९ मध्ये पुस्तकरूपाने छापणारे विद्वान कोण, तर हेच कुंदणगार.

मग ब्रह्मपुरीच्या टेकाडात हा मधला काळ ठळकपणे का भेटत नाही? दख्खनमधल्या पुष्कळ स्थळांवर असेच दिसते. नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये झालेल्या उत्खननातही इंडो-रोमन काळानंतर मोठी पोकळी आणि मग एकदम मुस्लिम-मराठा काळ. रामशरण शर्मा यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात अशा पोकळ्या देशभरातून गोळा करून शहरांच्या ऱ्हासाचा सिद्धांत मांडला. लांबचा व्यापार आटला, शहरे ओस पडली, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या काही शतकांपुरते ते पटण्यासारखे आहे. पण बाराव्या शतकातल्या कोल्हापूरला ते लागू करता येणार नाही, कारण लेख समोर आहेत. माझे मत असे की शहर संपले नव्हते, ते सरकले होते. महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले आणि बाजारपेठ, मठ, वाडे तिच्याभोवती गोळा झाले. ब्रह्मपुरी एका कडेला पडली. शिलाहारांचे राहते कोल्हापूर आज महाद्वार रोड, गुजरी, जुना राजवाडा या भागाच्या पोटात असणार. तिथे खड्डा खणायला एक हात मोकळी जागा नाही.

हे दुखणे जगातल्या प्रत्येक जित्या शहराचे आहे. ओसाड हंपीत कुठेही खणता येते. जिथे माणसे अजून राहतात तिथे पुरातत्त्वज्ञाला संधीची वाट पाहावी लागते. लंडनला ती दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी दिली. पडलेल्या इमारतींच्या जागा पुन्हा बांधल्या जाण्याआधी तिथे उत्खनन झाले आणि १९५४ मध्ये मिथ्र देवाचे रोमन मंदिर निघाले, ते पाहायला लोकांनी रांगा लावल्या. इंग्लंडातल्याच यॉर्कमध्ये कॉपरगेट या रस्त्यावर नवी इमारत येण्याआधी १९७६ ते १९८१ अशी पाच वर्षे खणले, तेव्हा व्हायकिंगांच्या चपला, कंगवे, लाकडी वाडगे मिळाले. रशियातल्या नोव्हगोरोदला १९५१ मध्ये भूर्जाच्या सालीवर कोरलेले पहिले पत्र निघाले. आता अशी पत्रे हजारावर आहेत. देणे-घेणे, लग्नाची मागणी, एका ओन्फिम नावाच्या मुलाने अक्षरे गिरवता गिरवता काढलेली चित्रे.

नोव्हगोरोदसारखे आपल्याकडे मिळणार नाही, आणि त्याचे कारण मातीत आहे. तिथली जमीन सतत ओली, हवा आत शिरत नाही, म्हणून लाकूड आणि साल टिकली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वाळवी काही शिल्लक ठेवत नाही. लाकूड, कापड, चामडे, ताडपत्र सगळे जाते. कोल्हापूरच्या चपलेला जगभर नाव असले तरी बहमनी कोल्हापूरकराच्या पायातली चप्पल आपल्या हाती लागण्याची आशा जवळजवळ नाही. राहते ते भाजलेले, दगडी, हाडाचे, धातूचे आणि काचेचे. आणि जळलेले. चुलीजवळ सांडून कोळसा झालेला दाणा शतकानुशतके टिकतो. तो मिळवायची पद्धत साधी आहे: माती पाण्यात घालायची, कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. पण ही पद्धत जगभर रूढ झाली ती १९६० नंतर. १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात दाणे आणि हाडे यांवर सविस्तर काम झाले आणि साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे ताट आपल्याला बरेचसे मांडता आले. १९४५ मध्ये ब्रह्मपुरीत ही साधने हाताशी नव्हती. पंचगंगेतल्या माशांचे काटे, तिळाचे दाणे, मुगाची टरफले अशा बारीक गोष्टी तेव्हा मातीच्या ढिगाबरोबर गेल्या असणार. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरात काय शिजत होते हे आपल्याला महमूद गावानाच्या काळातल्या कोल्हापूरपेक्षा अधिक नेमके ठाऊक आहे, ही स्थिती मला फार खटकते.

ती बदलता येण्यासारखी आहे, कारण कोल्हापुरात रोज खणले जात आहे. जुना वाडा पाडून अपार्टमेंट, गटाराची पाइप, दुकानाचे तळघर. महालक्ष्मी मंदिराच्या आवारातले बुजवलेले मणिकर्णिका कुंड २०२० नंतर पुन्हा उकरले गेले तेव्हा शहरात केवढे कुतूहल होते. पण तो देवीच्या मंदिराचा परिसर होता म्हणून सगळ्यांच्या नजरा तिथे होत्या. पेठेतल्या पायाच्या खड्ड्याकडे कोणी बघत नाही. जेसीबी एका दुपारी तीन-चार मीटर खाली जातो. म्हणजे त्या एका दुपारी शाहू काळ, पेशवाई, आदिलशाही, बहमनी काळ आणि कदाचित शिलाहार, सगळे डंपरमध्ये भरले जातात.

कायद्याने यात फारसे काही होत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याला २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, पण ते स्मारकाभोवती. पेठेतली माती हे स्मारक नाही. दुसरा कायदा निखात निधीचा, १८७८ चा. या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवावे लागते. नाण्यांचा हंडा त्यात बसतो. बांगडीचा तुकडा बसत नाही.

तरी पायाचा खड्डा काँक्रीट ओतण्याआधी एक-दोन दिवस तसाच उघडा असतो, आणि तेवढे पुरते. खड्ड्याची एक बाजू खुरपीने सरळ तासून घ्यायची, तिथे मोजपट्टी उभी धरून फोटो काढायचा, मातीचा रंग बदलतो तिथे रेघा ओढायच्या, प्रत्येक पट्ट्यातली खापरे आणि काचा वेगळ्या पिशवीत भरून वर ठिकाण, तारीख आणि खोली लिहायची. प्रत्येक पट्ट्यातली घमेलाभर माती बादलीत भिजवून बघायची. इतिहास आणि भूगोल शिकणारी मुले शिवाजी विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत आहेत. त्यांना हे एका आठवड्यात शिकवता येते. घरमालकाचा आणि बिल्डरचा होकार लागेल, आणि त्यासाठी आधी एवढे सांगावे लागेल की तुमचे काम थांबणार नाही. गुजरीत एक, उत्तरेश्वर पेठेत दोन, रावणेश्वराजवळ एक असे तीस-चाळीस खड्डे दहा वर्षांत नकाशावर आले तर बाराव्या शतकातला बाजार कुठवर पसरला होता, बहुरंगी बांगड्या कुठल्या पेठेत जास्त होत्या, झिलईचे वाडगे कुणाच्या घरी होते आणि त्या सहा वस्त्या एकमेकींना नेमक्या कधी भिडल्या, हे सांगायला सुरुवात करता येईल.